तेलाच्या भागीदारीत जमीनवाला कुठे बसतो?



पेरणीचे दिवस जवळ आले की परभणीच्या मोंढ्यातून गावाकडे परतणाऱ्या ट्रॅक्टरवर बियाण्याच्या पिशव्या, खताच्या गोण्या आणि त्यांच्या आडोशाला डिझेलचा एक कॅन हमखास दिसतो. नांगरटीला डिझेल, मळणीयंत्राला डिझेल, माल मोंढ्यावर न्यायला डिझेल. पूर्वी बैलाला कडबा लागे, आता ट्रॅक्टरला हा कडबा लागतो. फरक इतकाच की तो कडबा आपल्या वावरात पिकत होता. जिंतूर रस्त्याने जा की गंगाखेड रस्त्याने, पंपाच्या पाटीवर बहुतेक ठिकाणी तीनच नावे आढळतील : इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम. तिन्ही सरकारी मालकीच्या कंपन्या. ही नावे जरा ध्यानात ठेवा, कारण पुढे ती पुन्हा येणार आहेत.

आज तुम्हांला कोकणातली एक हकीगत सांगायची आहे. कोकण म्हटले की आपल्याकडचा माणूस म्हणतो, त्यांचा पाऊस वेगळा, त्यांची माती वेगळी, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो जमिनीच्या कागदाचा आहे. पण आधी हकीगत ऐका.

नाणारची अधिसूचना

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला राजापूर तालुका आहे. खाली खाडी, खाडीकाठी भातशेती आणि कोळ्यांची वस्ती, वर लाल जांभ्या दगडाचा सपाट माळ. ह्या माळाला तिकडे ‘सडा’ म्हणतात, कोणी नुसतेच ‘कातळ’ म्हणतात. नाणार हे तिथलेच एक गाव.

वर सांगितलेल्या तिन्ही कंपन्यांनी मिळून तिथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना, म्हणजे रिफायनरी, उभारायचे ठरवले. कारखाना लहानसहान नव्हता. वर्षाला ६ कोटी टन कच्चे तेल गाळायचे, खर्च सुमारे ३ लाख कोटी रुपये, आणि जमीन सुमारे १५ हजार एकर. १८ मे २०१७ रोजी सरकारची अधिसूचना निघाली. राजापूर तालुक्यातील नाणार व आसपासची गावे आणि शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्याची गिर्ये व रामेश्वर अशी पंधरा-सोळा गावे तिच्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात ह्या कामासाठी ‘रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स’ नावाची कंपनी स्थापन झाली. इंडियन ऑइलचा निम्मा वाटा, उरलेल्या दोघींचा पावपाव.

पुढच्या वर्षी भागीदार वाढले. ११ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत सौदी अरेबियाच्या ‘अरामको’ ह्या कंपनीशी करार झाला, आणि २५ जूनला अबुधाबीची ‘ॲडनॉक’ तिच्याबरोबर आली. निम्मी भागी आपल्या तीन कंपन्यांची, निम्मी ह्या दोन परदेशी कंपन्यांची. कच्चे तेल त्यांचे, बाजारपेठ आपली. सरकारच्या बाजूने पाहिले तर व्यवहार चोख होता. दोन देशांचे मंत्री आले, सह्या झाल्या, छायाचित्रे छापून आली.

आता आपल्याकडे दोघे भाऊ विहीर भागीत खोदतात तेव्हा काय होते ते आठवा. कोणाची जागा, कोणाचा पैसा, पाणी कोणी किती दिवस घ्यायचे, हे सगळे बांधावर बसून ठरते. जागा ज्याची त्याला आधी विचारतात. त्याला न विचारता बाकीच्यांनी कुदळ मारली तर त्या गावात भांडण ठरलेले. नाणारच्या भागीदारीत पाच कंपन्या होत्या, दोन परदेशी सरकारे होती, दिल्ली होती, मुंबई होती. ज्यांची जागा त्यांना मात्र भागीदार म्हणून नव्हे, नोटीस घेणारा म्हणून बोलावणे आले.

कातळाला ओसाड कोण म्हणते?

सरकारी कागदात अशा जमिनीला पडीक म्हणण्याची रीत आहे. आपल्याकडेही मुरमाड माळाला पडीक म्हणतात, आणि त्याच माळावर धनगराची मेंढरे चार महिने जगतात. कोकणातला सडा उन्हाळ्यात पाहिला तर खरोखरच तव्यासारखा दिसतो. पण पाऊस पडला की त्यावर गवत येते, रानफुले येतात. गावाची गुरे त्यावरच चरतात. कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी खालच्या झऱ्यांना आणि विहिरींना उतरते, आणि त्या पाण्यावर गाव जगते.

शिवाय आंबा. देवगड-राजापूरच्या हापूसची कलमे पुष्कळ ठिकाणी ह्याच कातळावर उभी आहेत. सुरुंग लावून दगड फोडायचा, खड्डा करायचा, दुसरीकडून माती आणून भरायची, त्यात कलम लावायचे, आणि उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी नेऊन ते जगवायचे. एक झाड नीट धरायला वर्षे लागतात. आपण काळ्या मातीतली माणसे. दगडात झाड लावायची ही कल्पनाच आपल्याला वेडेपणाची वाटेल. पण ज्याने ते केले आहे त्याला मोबदल्याचा आकडा सांगितला तर तो गप्प का बसतो, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी त्याच भागासाठी अरामकोच्या करारावर सह्या झाल्या, हा योगायोग म्हणायचा.

बागाईतदारांना भीती होती ती धुराची. मोहोराच्या दिवसांत जराशी हवा बिघडली तरी फळ धरत नाही, हे तिथले पोरगेसुद्धा सांगते. कोळ्यांना भीती होती खाडीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याची आणि तेलाच्या जहाजांची. सरकारचे म्हणणे होते की कारखाना आधुनिक आहे, प्रदूषण होणार नाही, हजारो हातांना काम मिळेल. काम मिळेल ह्या बोलण्यात वजन आहे, हे मान्य केले पाहिजे. कोकणातल्या घरटी एक माणूस मुंबईला चाकरीला असतो. गावातच काम मिळाले तर कोणाला नको आहे? जमीन द्यायला तयार असलेलेही लोक होते, त्यांनी संमतीपत्रेही दिली. सगळे गाव एका बाजूला होते असे लिहिले तर ते खरे होणार नाही.

पण विरोध करणारे हटले नाहीत. ग्रामसभांनी ठराव केले. खातेदारांनी लेखी असंमती दिली, मोजणी होऊ दिली नाही. मुंबईला असलेले चाकरमानी गावच्या लढ्यात उतरले. कोकणात एकेका सातबाऱ्यावर दहा-वीस नावे असतात आणि निम्मी माणसे मुंबईत असतात. एरवी ह्या गोष्टीचा त्रास होतो, ह्या वेळी तिचा उपयोग झाला.

२३ एप्रिल २०१८ रोजी नाणारच्या सभेत त्या वेळचे उद्योगमंत्री सुभाष देसाई ह्यांनी अधिसूचना रद्द केल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी सांगितले की हा सरकारचा निर्णय नव्हे. एकाच सरकारातली ही दोन बोलणी. पुढे निवडणूक आली, शिवसेना आणि भाजप ह्यांची युती पुन्हा जुळली, आणि २ मार्च २०१९ रोजी अधिसूचना खरोखरच रद्द झाली.

नाणार गेले, बारसू आले

लोकांना वाटले, सुटलो. पण कंपनी मोडली नव्हती, करारही मोडला नव्हता, गेली होती ती फक्त जागा. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ह्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसू येथे सुमारे १३ हजार एकर जमीन सुचवली. तालुका तोच, राजापूर. नाणारला विरोध करणारा पक्ष तोच, आणि नवी जागा सुचवणाराही तोच; पुढे २०२३ साली बारसूला जाऊन ग्रामस्थांच्या बाजूने बोलणाराही तोच. आम्ही कोणत्याही पक्षाचे वकील नाही. दुसऱ्या पक्षांचे वागणे ह्याहून सरळ होते असेही नाही. पण पुढाऱ्याच्या आश्वासनावर घोंगडे अंथरून निजायचे की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे.

बारसूच्या सड्यावर आणखी एक धन आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने कातळावर कोरलेली मोठमोठी चित्रे तिथे आहेत, त्यांना कातळशिल्पे म्हणतात. कोकणातील अशा काही ठिकाणांचा समावेश २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. त्यांत बारसू आहे, शेजारचे देवाचे गोठणेही आहे. ज्या वर्षी जागा सुचवली गेली त्याच वर्षी ती जगाच्या यादीत गेली. पडीक जमिनीची ही गोष्ट.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एक दुःखद घटना घडली. शशिकांत वारिशे हे राजापूरचे पत्रकार रिफायनरीसंबंधी आणि तिथल्या जमिनींच्या व्यवहारांसंबंधी लिहीत असत. ६ फेब्रुवारी २०२३ च्या अंकात त्यांची बातमी आली, आणि त्याच दिवशी राजापुरात पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीवर एक मोटार घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते वारले. ती बातमी ज्याच्याविषयी होती, त्या रिफायनरीच्या समर्थकाला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. एकट्या माणसाने गावच्या जमिनीबद्दल लिहिले, त्याची ही किंमत.

एप्रिल २०२३ च्या अखेरीस सरकारने बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी भोके घ्यायचे काम सुरू केले. जमावबंदी लागू झाली, मोठा पोलीस बंदोबस्त आला. आणि मग आयाबहिणी पुढे आल्या. वैशाखातले ऊन, खाली तापलेला कातळ, आणि त्यावर म्हाताऱ्या बायका गाड्यांच्या पुढे आडव्या झाल्या. घरचे पुरुष मुंबईला किंवा अटकेच्या धाकाने लांब, तेव्हा बायकाच पुढे राहिल्या. शंभरावर लोकांना पोलिसांनी ताब्यात घेतले. २८ एप्रिलला अश्रुधूर सोडला गेला. लाठ्या चालल्या असे आंदोलकांनी सांगितले, सरकारने ते नाकारले. माती परीक्षण झाले, पण कारखाना उभा राहिला नाही. त्या सड्यावर आजतागायत रिफायनरीची एक वीटही लागलेली नाही.

राजापूर तालुक्याला ही झुंज नवी नाही. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाला विरोध करताना ह्याच तालुक्यातील साखरी नाटे येथे १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार मारला गेला. त्याआधी, वरच्या अंगाला गुहागरमध्ये, एनरॉन झाले. वडीलधाऱ्यांना ते नाव आठवत असेल. अमेरिकेतल्या तीन कंपन्यांची भागीदारी, १९९२ चा करार, १९९५ साली सरकारने तो मोडला आणि दुसऱ्याच वर्षी पुन्हा जोडला. महागडी वीज राज्य वीज मंडळाच्या गळ्यात पडली, २००१ च्या मे महिन्यात कारखाना बंद पडला, आणि त्याच डिसेंबरात ती कंपनी अमेरिकेत दिवाळखोर झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना तेव्हा प्रगतीचे शत्रू म्हटले गेले होते.

डिझेल तर आपल्यालाही लागते

इथे कोणी विचारील, रिफायनरी नको, मग डिझेल आकाशातून पडणार काय? प्रश्न रास्त आहे. रिफायनरी कुठेतरी असणारच आहे. मुंबईत चेंबूरजवळ माहूल येथे १९५०च्या दशकात दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या. त्या तेव्हा विलायती आणि अमेरिकन कंपन्यांच्या होत्या, पुढे सरकारने घेतल्या, आणि आज त्या भारत पेट्रोलियमच्या व हिंदुस्थान पेट्रोलियमच्या आहेत. त्या परिसरात महापालिकेने दुसरीकडच्या झोपड्या पाडून लोकांना घरे दिली. घरे पक्की, पण श्वास घ्यायला त्रास, अंगाला खाज, पोरे आजारी, अशा तक्रारी लोक करू लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की ह्या लोकांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, पर्यायी जागा नसेल तर घरभाड्यासाठी महिना १५ हजार रुपये द्यावेत. २०२० साली राष्ट्रीय हरित लवादाने हवा दूषित केल्याबद्दल तिथल्या चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. त्यांत आपल्या पंपावरच्या दोन कंपन्या होत्या.

म्हणजे डिझेलची जी किंमत आपण पंपावर मोजतो तीच सगळी किंमत नव्हे. थोडी किंमत माहूलची पोरे मोजतात.

आणि भागीदारीचे म्हणाल तर आपणही लांब नाही. आपला ऊस कारखान्यावर जातो, त्याच्या रसापासून किंवा मळीपासून इथेनॉल होते, आणि ते इथेनॉल ह्याच तेल कंपन्या विकत घेऊन पेट्रोलमध्ये मिसळतात. उसाचा शेतकरी अशा रीतीने तेलाच्या धंद्यात आला आहे, आणि त्यात चार पैसे आहेत हेही खरे. पण डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी घातली, काही दिवसांनी ती थोडी सैल केली. बंदी घालताना ऊसवाल्याला विचारले नाही, सैल करतानाही नाही.

सातासमुद्रापार

तेल कंपन्यांशी कोणी भागी करावी, कोणी करू नये, हा वाद आता जगभर चालू आहे. मुलांची खेळणी करणारी ‘लेगो’ नावाची डेन्मार्कची कंपनी आहे. तिच्या खेळण्यांतल्या मोटारींवर ‘शेल’ ह्या तेल कंपनीचे चिन्ह असे. पर्यावरणवाद्यांनी ओरड केली की पोरांच्या हातात तेल कंपनीची जाहिरात कशाला? २०१४ साली लेगोने ती भागीदारी पुढे न चालवण्याचे जाहीर केले. लंडनमधल्या ‘टेट’ ह्या मोठ्या चित्रसंग्रहालयाला ‘बीपी’ ही तेल कंपनी पैसे देत असे, तेही २०१७ मध्ये थांबले. आपल्याला हे लांबचे वाटेल. पोट भरलेल्या देशांतली भांडणे, असेही कोणी म्हणेल.

पण नायजेरियातल्या शेतकऱ्यांची गोष्ट आपली आहे. आफ्रिकेतल्या ह्या देशात नायजर नदीच्या मुखाशी तेल सापडले, आणि शेल तिथल्या सरकारशी भागीदारी करून ते काढू लागली. नळ्या फुटत, तेल शेतात आणि मासळीच्या तळ्यांत पसरत असे. १९९५ साली ओगोनी लोकांचे पुढारी आणि लेखक केन सारो-विवा ह्यांना तिथल्या लष्करी सरकारने आणखी आठ जणांसह फाशी दिले. त्यानंतर २००४ ते २००७ ह्या काळात तीन गावांत तेल गळले. चार शेतकऱ्यांनी हॉलंडमधल्या एका पर्यावरण संघटनेच्या मदतीने २००८ साली थेट हॉलंडच्या न्यायालयात दावा लावला, कारण कंपनीचे मुख्य ठाणे तेव्हा तिथे होते. तारखांवर तारखा पडल्या. मूळ फिर्यादींपैकी काही निकालाआधीच वारले, तेव्हा मुलांनी खटला पुढे नेला. जानेवारी २०२१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने कंपनीला भरपाई द्यायला सांगितले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये दीड कोटी युरोवर तडजोड झाली. चौदा वर्षे. आपल्याकडे बांधाच्या वादालाही इतकी लागतात, तेव्हा परभणीच्या माणसाला ह्याचे नवल वाटू नये; नवल हे की तीन खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी जगातल्या एका मोठ्या तेल कंपनीकडून पैसे घेऊन दाखवले.

आपल्या सातबाऱ्याशी संबंध

आता परभणीकडे या. आपल्या जिल्ह्यात रिफायनरी येणार नाही, समुद्र नाही. पण जमीन मागणारे आले आहेत. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग, लांबी ८०२ किलोमीटर, बारा जिल्ह्यांतून आखला गेला, त्यांत परभणी होता. २०२४ साली अधिसूचना निघाल्या तेव्हापासून शेतकऱ्यांचा विरोध आहे. कोल्हापूर जिल्ह्यापुरती अधिसूचना ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, मागे घेतली गेली. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी २० हजार ७८७ कोटी रुपयांची तरतूद मान्य केली, आणि आठवडाभराने १ जुलैला, कृषिदिनी, शेतकऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत रस्ते अडवले. कृषिदिन म्हणजे वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे तेच हे नाईक.

जमीन देणे आपल्याला नवे नाही. येलदरीच्या धरणाला पूर्णेकाठच्या लोकांनी जमिनी दिल्या. पुष्कळांचे हाल झाले, पण खाली शिवारात पाणी तरी आले. ज्याची जमीन गेली त्याला शेजाऱ्याच्या रानात का होईना, हिरवे दिसले. ह्या महामार्गाचे तसे काय, हे ज्यांचे वावर मधोमध चिरले जाणार त्यांनी सरकारला विचारले तर त्यात गुन्हा नाही.

बारसू आणि आपण, दोघांना बांधणारा धागा इथे आहे, आणि तो कायद्याचा आहे. २०१३ साली केंद्राने भूसंपादनाचा नवा कायदा केला. त्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर बाधितांपैकी ८० टक्के कुटुंबांची संमती हवी, सरकार आणि खाजगी भागीदारीचा प्रकल्प असेल तर ७० टक्के, अशी तरतूद झाली. प्रकल्पाने गावावर काय परिणाम होईल ह्याचा अभ्यास आधी करावा, असेही त्यात आहे. शेतकऱ्याला प्रथमच विचारायचे ठरले. पण २०१८ साली महाराष्ट्राने त्यात दुरुस्ती करून राज्याचे चार कायदे त्याच्या बाहेर ठेवले. नुकसानभरपाई नव्या कायद्याप्रमाणे द्यायची, पण संमती आणि परिणामांचा अभ्यास ह्या अटी त्या चार कायद्यांना नाहीत. त्या चारांत एक आहे १९६१ चा औद्योगिक विकास कायदा, ज्याखाली नाणारची अधिसूचना निघाली, आणि दुसरा आहे महामार्गांचा कायदा. उरलेले दोन नगररचनेचे व गृहनिर्माणाचे. कोकणातला आंबेवाला आणि आपला सोयाबीनवाला एकाच कलमाने बांधले गेले आहेत, आणि ही गोष्ट दोघांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

संमती विचारली जाणार नसली तरी हरकत घ्यायचा हक्क उरला आहे. औद्योगिक कायद्याखाली जमीन घेताना खातेदाराला आधी नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, मगच अंतिम अधिसूचना निघते. ती निघाली की जमीन सरकारची झाली. तेव्हा जे काही करायचे ते त्या दोन कागदांच्या मधल्या दिवसांत. नोटीस आली की घरात लपवून ठेवू नका, किंवा भीतीने फाडू नका. तारीख पाहा, मुदत पाहा, हरकत लेखी द्या. मोबदला कमी आहे एवढेच लिहू नका. विहीर किती फूट, झाडे किती, पाइपलाइन कुठून, वाट कशी अडते, जमिनीचे दोन तुकडे झाले तर पलीकडच्या तुकड्यात बैल कसे न्यायचे, हे सगळे लिहा. मोजणीला हजर राहा. न राहिलात तर पंचनाम्यात विहीर नाही आणि झाडे नाहीत असे लिहिले गेले तरी बोलायला कोणी नाही.

मोठ्या प्रकल्पासाठी पर्यावरणाची मंजुरी लागते, आणि बहुतेक वेळा त्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. २००६ च्या नियमाप्रमाणे तिची जाहिरात किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते, प्रकल्प अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत मिळाला पाहिजे, आणि सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी ह्यांच्यासमोर होते. बोललेले सगळे नोंदवावे लागते. लेखीही देता येते. अहवाल जाडजूड असतो, शब्द कठीण असतात. गावातल्या शिकलेल्या पोराला, जो नोकरी मिळत नाही म्हणून पारावर बसलेला असतो, त्याला हे काम सांगा. तो वाचील.

ग्रामसभेच्या ठरावाने भूसंपादन थांबेलच असे नाही. आपला भाग अनुसूचित क्षेत्र नाही. पण ठराव नसेल तर पुढे न्यायालयात किंवा मंत्रालयात गावाचे म्हणणे काय होते ह्याला पुरावाच राहत नाही. ठराव करा आणि त्याची नक्कल जपून ठेवा. नोटीस यायच्या आधी बाहेरगावची माणसे अंगापेक्षा जास्त भाव देऊन जमिनी घेऊ लागली, तर रस्ता किंवा कारखाना कुठून जाणार हे त्यांना आपल्या आधी कळले असावे, असे समजायला हरकत नाही. सातबारा अधूनमधून काढून पाहा.

शेवटी एक गोष्ट घरातल्या बायकांसाठी. बारसूत गाड्यांपुढे आडव्या झालेल्या बायकांपैकी कितींची नावे सातबाऱ्यावर होती ते आम्हाला ठाऊक नाही. पण आपल्या घरात पाहा. नोटीस येते ती ज्याचे नाव कागदावर आहे त्याला, मोबदला जातो तो त्याच्या खात्यावर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा आपल्या मराठवाड्यातल्या काही शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली होती. ज्यांनी तेव्हा केली नाही त्यांना आताही करता येते. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच परतायचे.